दहा वाती : पुण्यातले चार दिवस

शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

पहाटे गाडी दौंडला लागली तेव्हा आईला मेसेज केला : ‘दौंड. पाच चाळीस. वीस मिनिटं उशीर.’ ही बाबांनी लावलेली सवय. मी लग्न होऊन नागपूरला गेले तेव्हा मोबाइल नव्हते. तेव्हा घरी पोचल्यावर शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप द्यायचा. मोबाइल आले तशी ही स्टेशनांची यादी सुरू झाली. बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, नगर, दौंड. नुसतं ‘निघालो’ म्हटलेलं बाबांना चालायचं नाही. कुठे, किती वाजता आणि किती उशिरा, हे तिन्ही हवं. ते गेल्यावर मी एकदाच यादी पाठवायची विसरले, तर मनमाडच्या सुमाराला आईचाच फोन आला.

उद्या अश्विन वद्य तृतीया, बाबांचं वर्षश्राद्ध. दादा बंगळुरूहून संध्याकाळी येणार होता. मी आणि माझा मुलगा स्टेशनवरून मेट्रोने निघालो. दिवाणी न्यायालयापाशी गाडी बदलून खाली खोल उतरलो. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी मार्ग जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २९ सप्टेंबरला सुरू झालाय. मुलगा म्हणाला, “आई, आत्ता आपण मुठेच्या खालून जातोय.” माझ्या मनात लगेच आलं, बाबांना हे फार आवडलं असतं. मुठेच्या पाण्याशी त्यांचा जुना हिशेब होता. त्याबद्दल उद्याच्या दिवसात लिहिते.

सहकारनगरच्या घरात बाबांची खोली होती तशीच आहे. पलंग, खिडकीतून दिसणारी पर्वती, आणि पलंगाखाली हिरवी लोखंडी ट्रंक. आईने चहा दिला आणि म्हणाली, “ती ट्रंक तुम्ही दोघं काढा. मला खाली वाकवत नाही, आणि एकटीने उघडवतही नाही.”

बाबा आयबीत होते, म्हणजे केंद्राच्या गुप्तवार्ता विभागात. १९६४ साली लागले आणि २००१ साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले. शाळेच्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात आम्ही ‘केंद्र सरकारी नोकरी’ लिहायचो. कोणतं खातं म्हणून बाईंनी विचारलं तर ‘गृह’. मला खरं काय ते आठवीत गेल्यावर कळलं, तेही आईने सांगितलं म्हणून, आणि तिनेही एका वाक्यात आटोपलं. पुढे निवृत्तीनंतर मित्र त्यांना म्हणायचे, आठवणी लिहा, लोक वाचतील. बाबा मान हलवायचे आणि विषय बदलायचे. २०२१ साली सरकारने निवृत्तिवेतनाचा नियम अधिक कडक केला. गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या कामाबद्दल काहीही छापायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. बाबांच्या बाबतीत त्या नियमाने काहीच बदललं नाही. ते कधीच बोलले नव्हते.

ट्रंकेत सगळ्यात वर एक लाल स्वेटर होता. मी पाहताक्षणी ओळखला. १९८१ साली ते लडाखमध्ये होते. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की रात्री मोठ्या, आणि तिथल्या कोणाकडून तरी ते सुया चालवायला शिकले. नऊ वर्षांच्या मुलीसाठी त्यांनी तो विणला. पण जवळचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा, आणि माप त्यावरून घेतलेलं. स्वेटर माझ्या बेंबीपर्यंतसुद्धा आला नाही. तो घालून मी त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी खालची कड धरून हळूच ओढून पाहिली आणि म्हणाले, “एवढी झालीस?” त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही. बाह्यांना अजून डांबरगोळ्यांचा वास येतो.

स्वेटरखाली डायऱ्या. मोजल्या तर ५९ भरल्या. १९६५ पासून २०२३ पर्यंत, एकही वर्ष न गाळता. मुलाचे डोळे चमकले. त्याला वाटलं, आता आजोबांची कामगिरी वाचायला मिळणार. त्याने मधलीच एक काढून उघडली. पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘थंडी. धाकटीला गोवर, ताप १०२. पो. ११.’ दुसऱ्या दिवशी : ‘पत्र नाही.’ त्यानंतरच्या दिवशीही : ‘पत्र नाही.’ मग : ‘धाकटीचा ताप उतरला. शाळा बुडाली ८ दिवस. पो. १२.’

आम्ही दोन तास पानं उलटत बसलो. कामाचं अवाक्षर नाही. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. फक्त घर. दादाचा पहिला दात, आईचं दुखणारं कंबरडं, माझा गणिताचा पेपर, पावसाने गळलेलं छप्पर. ते घरापासून हजार कोसांवर असतानाची पानं, आणि त्यांत सगळं घरचंच. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ते ‘पो.’ आणि एक आकडा. १९७१च्या डायरीत आलं तेव्हा मला अर्थ लागला : ‘अण्णा गेले. पो. ९.’ अण्णा म्हणजे माझे आजोबा. बाबा तेव्हा ईशान्येला कुठेतरी आत होते. वडील गेल्याचं त्यांना नऊ दिवसांनी कळलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ‘पो.’ म्हणजे पोचायला.

त्या पानावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं. त्यापुढची चार पानंही कोरी होती.

पुढच्या काही डायऱ्यांत मात्र ‘पो.’च्या जागी ‘पै.’ दिसू लागलं. पैसे म्हणावं तर हिशेब जुळेना. आईलाही ठाऊक नव्हतं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी लवकर ओंकारेश्वरला गेलो. दादाने तर्पण केलं. नदीपात्रात पाणी बेताचं होतं. मंदिराच्या आवारात चिमाजी अप्पांची समाधी आहे. बाबा प्रत्येक वेळी तिथे थांबून नमस्कार करायचे, म्हणून आम्हीही थांबलो.

ही शनिवार पेठ म्हणजे बाबांचं बालपण. त्यांचा भाड्याचा वाडा इथून चार मिनिटांवर होता. आता तिथे सहा मजली इमारत आहे आणि खाली बॅगांचं दुकान. मुलाला ती जागा दाखवली आणि तिथेच, फुटपाथवर उभं राहून, त्याला बाबांची ती गोष्ट सांगितली. मला ती तिथेच सांगायची होती.

१२ जुलै १९६१. बाबा वीस वर्षांचे, कॉलेजात शिकत होते. पानशेतच्या धरणाला आदल्या दिवसापासून गळती लागली होती. बांध खचत चालला होता आणि लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. म्हणजे तिथे असलेल्यांना धोका दिसत होता. सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर येऊन धडकलं आणि दुपारी तेही गेलं. पण शहरात, नदीकाठच्या पेठांत, बहुतेकांना कळलं ते पाणी दारात आल्यावर. बाबांच्या वाड्यात एक पोरगा सायकलवरून ओरडत आला, “पाणी येतंय, निघा!” कोणी निघालं, कोणी म्हणालं अफवा असेल. दर पावसाळ्यात मुठेला पाणी येतंच, त्यात काय. बाबांनी आजीला पाठुंगळी घेतलं आणि शनिवारवाड्याच्या दिशेने चढ धरला. मागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या काकूंना त्यांनी हाक मारली होती. त्या म्हणाल्या, “देवपूजा आटपते आणि येते.” संध्याकाळी पाणी ओसरल्यावर बाबा परतले तेव्हा वाड्याच्या भिंती बसल्या होत्या. काकू सापडल्या त्या तिसऱ्या दिवशी.

बाबा आयुष्यभर सांगत ते असं : “पाणी कोणी थांबवू शकलं नसतं. पण खबर पाण्याच्या पुढे धावू शकली असती. तिच्याकडे अख्खी रात्र होती.” आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य : “उशिरा पोचलेली खबर ही खबर नसते, बातमी असते.”

ते आयबीत का गेले असं त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. पण मला उत्तर माहीत आहे. मी ते त्या बॅगांच्या दुकानासमोर माझ्या मुलाला सांगितलं.

पूरग्रस्तांच्या वसाहतीत, गोखलेनगरला, त्यांचं पुढचं घर झालं. माझा आणि दादाचा जन्म तिथलाच.

दुपारी घरी श्राद्धाचा स्वयंपाक. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी. बाबांना कारलं मनापासून आवडायचं, आणि सुट्टीवर आले की ते चिरायचं काम त्यांचंच. बिया काढून, मीठ लावून, पिळून, एकेक चकती सारख्या जाडीची. वर्षातले दोन महिने घरी मिळायचे. त्या दोन महिन्यांत त्यांना सगळं करायचं असायचं. माझ्या वेण्या घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. माझ्या सगळ्या मैत्रिणींची नावं, त्यांच्या भावंडांची नावं, कोणाचे वडील आजारी आहेत, कोणाचं घर बदललं, हे सगळं आठ दिवसांत पाठ करायचे. मैत्रिणींना वाटायचं, हे काका इथेच तर असतात.

गच्चीवर पान ठेवलं. कावळा लगेच आला. आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, “वेळेवर आले.”

रविवार, २० ऑक्टोबर

पर्वती. पायऱ्या १०३. निवृत्तीनंतर बाबा रोज सहाला पहिल्या पायरीवर असत. आज आम्ही तिघं चढलो, मी, दादा आणि मुलगा. वर रोजच्या मंडळींपैकी पाच-सहाजणांनी दादाला चेहऱ्यावरून ओळखलं. मग कठड्यापाशी तासभर बसलो.

मला वाटलं होतं, मंडळी म्हणतील, तुमचे वडील म्हणजे आजचे बहिर्जी नाईक. तसं कोणी म्हटलं नाही. त्यातल्या निम्म्यांना बाबा कुठे नोकरीला होते हेही ठाऊक नव्हतं. एका आजींनी सांगितलं, त्यांच्या मुलाचा अमेरिकेतून फोन आला नाही की त्यांच्या चेहऱ्यावरून बाबांना कळायचं, आणि ते मुद्दाम त्यांच्या चालीने हळू चढायचे. पायथ्याशी फुलं विकणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा बाबांनीच हटकलं. त्याने परत केलेली सुट्टी नाणी दोन दिवस चुकली होती, एवढ्यावरून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याला ते स्वतः घेऊन गेले. त्या बाईंनी आज आमच्याकडून हाराचे पैसे घेतले नाहीत. दादाने किती आग्रह केला, तरी नाही.

मोडीच्या वर्गातले एक निवृत्त गुरुजीही भेटले. बाबा बासष्टाव्या वर्षी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकायला जाऊ लागले. राजवाडे-मेहेंदळ्यांनी १९१० साली उभी केलेली ही संस्था. सदाशिव पेठेतल्या त्या वास्तूत बाबा शाळकरी मुलासारखे बोरू घेऊन बसायचे. मी गुरुजींना सहज विचारलं, “‘पै.’ म्हणजे काय हो? बाबांच्या डायरीत आहे.”

गुरुजी हसले नाहीत. क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पैवस्ती.”

जुन्या मराठी पत्रांवर पत्र लिहिल्याची तारीख असते, आणि पत्र हाती पडलं की घेणारा त्यावर वेगळी तारीख टाकतो. ती पैवस्ती. थोडक्यात ‘पै’. पत्र कधी निघालं आणि कधी पावलं हे दोन्ही कळल्याशिवाय मजकुराला किंमत नाही, हे पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनालाही ठाऊक होतं. गुरुजी सांगत होते, “वर्गात पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा तुमच्या वडिलांनी हातातला बोरू खाली ठेवला. बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, मला वाटत होतं हे मी एकटाच करतो.”

मग गुरुजींनी नानासाहेब पेशव्यांच्या स्मारकाकडे बोट केलं. बाबा तिथे नव्या माणसाला हटकून घेऊन जायचे. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ला. पेशवे उत्तरेकडे निघालेले, आणि माळव्यात भेलशाच्या बाजूला त्यांच्या हाती लागली ती एका सावकाराची चिठ्ठी, सांकेतिक भाषेतली. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची गणती नाही. दोन मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मुलगा आणि भाऊ गेल्याची खबर दहाएक दिवसांनी, दुसऱ्याच कोणाच्या तरी चिठ्ठीतून. त्याच वर्षी २३ जूनला पेशव्यांनी इथे पर्वतीवर देह ठेवला. दोनशे वर्षांनी, १९६१च्या जुलैत, पूर. बाबा या दोन गोष्टी नेहमी जोडून सांगत. मला पूर्वी वाटायचं, आकडे जुळतात म्हणून सांगतात. आज त्या स्मारकापाशी उभी असताना मला १९७१चं ते पान दिसत होतं. ‘अण्णा गेले. पो. ९.’

संध्याकाळी मी आणि आई भाजी निवडत होतो. मुलगा आतून २०२३ची डायरी घेऊन आला. काही न बोलता त्याने ती माझ्यापुढे धरली.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. बाबांना फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचं मला कळलं ८ मे २०२३ला. त्यांनीच फोन केला. रिपोर्ट फेब्रुवारीतला होता. तीन महिने त्यांनी मला सांगितलं नव्हतं. दादाला माहीत होतं, आईला माहीत होतं, मला नाही. मी फोनवर ओरडले होते. म्हटलं, तुम्हीच म्हणायचात ना, उशिरा पोचलेली खबर ही खबर नसते? बाबा गप्प राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” ते ऑक्टोबरात गेले. गेल्या वर्षभरात मी किती रात्री ते तीन महिने मोजलेत, मलाच ठाऊक.

१० फेब्रुवारीचं पान : ‘रिपोर्ट आला. नातवाची बारावी २१ पासून. नीट ७ मे. नंतर कळवू.’

८ मेचं पान : ‘नागपूरला सांगितलं. धाकटी रडली. पै. ८७.’

८७ दिवस. त्यांनी मोजले होते. दुसऱ्याच्या पत्राला जसा आकडा टाकायचे तसा, त्याच पेन्सिलीने, स्वतःच्या उशिरालाही.

माझा मुलगा दाराला टेकून उभा होता. म्हणाला, “म्हणजे माझ्यामुळे.” त्याचा आवाज फुटला. आईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. “तुझ्यामुळे नाही रे. मीच त्यांना म्हटलं होतं, मुलीला सांगा, तुमचंच वाक्य आहे. तर म्हणाले, ती खबर वेगळी. खबरेने माणूस वाचतो, ती धावत गेली पाहिजे. हे नुसतं दुखणं आहे. त्याने कोणी वाचणार नाही, एका पोराचा पेपर तेवढा बिघडेल.”

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. मला ते ८७ दिवस हवे होते. पण त्या आकड्यावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले, आणि वर्षभर घशात अडकलेलं काहीतरी थोडं खाली उतरलं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आमच्या घरी २१ ऑक्टोबरला संध्याकाळी देवापाशी दहा वाती लावतात. लहानपणी मी हा आमचा कुळाचार समजायचे, मैत्रिणींनाही तसंच सांगायचे. बाबा घरी असोत नसोत, आई लावायची. बाबा घरी असले तर वाती विझेपर्यंत उभे राहायचे, बसायचे नाहीत. पुढे कधीतरी वर्तमानपत्रात पोलीस स्मृतिदिनाचं वाचलं आणि उलगडा झाला. २१ ऑक्टोबर १९५९, लडाखमधलं हॉट स्प्रिंग्ज. आदल्या दिवशी गस्तीवर गेलेली काही माणसं परतली नाहीत, म्हणून त्यांच्या शोधात तुकडी निघाली. तिचं नेतृत्व करमसिंग या आयबीच्याच अधिकाऱ्याकडे होतं. चिनी सैनिकांनी उंचावरून गोळीबार केला. दहा पोलीस मारले गेले. बाबा नोकरीला लागले ते त्यानंतर पाच वर्षांनी. त्या दहांपैकी कोणालाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आज दिवसभर सामानाची बांधाबांध. दादा दुपारच्या विमानाने गेला. दिवेलागणीला आईने कापूस घेतला आणि मांडीवर वाती वळायला बसली. मुलगा शेजारी बसून बघत होता, मग त्यानेही वळायला घेतल्या. ताटलीत अकरा झाल्या. अकरावी कोणासाठी ते त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

आईने ती उचलून हलकेच बाजूला ठेवली. “दहाच. ते कामावर असताना गेले. आजोबा घरी गेले, माझ्या हातचं पाणी पिऊन.”

दहा वाती पेटल्या. आम्ही तिघं विझेपर्यंत उभे राहिलो. आईचे गुडघे दुखतात, तरी ती उभी राहिली.

रात्रीच्या गाडीने निघालो. मुलाने २०२३ची डायरी मागितली होती, आईने ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या बॅगेत घातली. लाल स्वेटर मी घेतला. गाडी सुटली, हडपसर मागे पडलं. दौंड आलं तेव्हा माझा डोळा लागला होता. जागी झाले तर मुलगा फोनवर टाइप करत होता. पडद्यावर दिसलं : ‘आजी, दौंड. अकरा दहा. वेळेवर.’

उत्तर लगेच आलं. आई जागीच होती.

‘पोचलं.’